केस सुटली, तरी चारित्र्य पडताळणीत नाव येतं ते का?

सरकारी नोकरीसाठी निवड झाली की साक्षांकन नमुना भरावा लागतो. त्यात विचारलेलं असतं: कधी अटक झाली होती का, खटला चालला होता का? निर्दोष सुटलेला उमेदवार इथे बिनधास्त 'नाही' लिहितो, कारण 'केस संपली, आता विसरा' असं वकिलांनी सांगितलेलं असतं. आणि हातातली नोकरी तिथेच जाते.

निर्दोष सुटलात म्हणून नोंद पुसली जात नाही. एफआयआर सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या गुन्हे-नोंदींच्या संगणक यंत्रणेत असतो, खटला ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने सापडतो. खासगी कंपन्यांच्या पडताळणी एजन्सीही या संकेतस्थळावर शोधतात. सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात (२०१६) सांगितलं आहे की माहिती खरीच द्यायला हवी. ती दिल्यावरही नेमणूक करायची की नाही, हे मालक ठरवू शकतो. 'संशयाचा फायदा' देऊन सुटका झाली असेल तर निकालपत्रातलं ते वाक्य तो नक्की वाचतो. पण लपवलंत, तर तेवढं एक कारण त्याला पुरतं. किरकोळ गुन्हा लपवला तर दुर्लक्ष करण्याची मुभा त्याला आहे. त्या भरवशावर राहू नका.

'दंड भरून मिटवली' म्हणणारे सर्वात जास्त फसतात. जुगाराच्या किंवा हाणामारीच्या केसमध्ये गुन्हा कबूल करून दंड भरला असेल, तर ती दोषसिद्धी आहे, सुटका नव्हे. फिर्यादीशी कायद्याने तडजोड करून कोर्टाने केस मिटवली असेल, तर मात्र ती निर्दोष सुटका धरली जाते. पोलिसांनी 'बी' किंवा 'सी' समरी, म्हणजे खटला न चालवता केस बंद करण्याचा अहवाल, कोर्टात पाठवली असेल, तर न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती मंजूर केली का, हे आधी बघा. बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं.

पडताळणीचा अर्ज ऑनलाइन भरायचा. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा हे बहुतेकांकडे असतं. नसते ती निकालाची प्रमाणित प्रत. मोबाइलमधला फोटो किंवा वकिलाकडची झेरॉक्स दाखवून भागत नाही. ज्या कोर्टात निकाल लागला, तिथल्या नक्कल विभागात केस नंबर देऊन अर्ज करा. जुनी फाइल रेकॉर्ड रूममध्ये गेली असेल तर वेळ लागतो, त्यामुळे भरतीची जाहिरात निघायची वाट बघू नका. प्रती दोन घ्या. एक पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या, कारण निकाल लागून वर्षं उलटली तरी ठाण्याच्या नोंदीत केस 'न्यायप्रविष्ट'च असू शकते. कोर्टाचा निकाल पोलिसांपर्यंत न्यायचं काम अर्जदाराने करायचं, असा हा कारभार!

खासगी नोकरीत एजन्सीचा अहवाल यायच्या आधीच एचआरला ती प्रत पाठवा. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याची केस तुमच्या नावावर दाखवली असेल, तर वडिलांचं नाव, वय आणि गाव दाखवून लेखी दुरुस्ती मागा.