वेस्ट कोस्ट मेन लाइन

वेस्ट कोस्ट मेन लाइन म्हणजे लंडनच्या युस्टन स्टेशनपासून ग्लासगो सेंट्रलपर्यंत जाणारा साधारण ६४५ किलोमीटरचा ब्रिटनमधला रेल्वेमार्ग, शिवाय बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लिव्हरपूल आणि एडिनबराकडे जाणारे फाटे. नाव ऐकून कोणी समुद्र बघायला खिडकी पकडली तर निराशाच व्हायची, कारण लँकेस्टरच्या पुढे हेस्ट बँकजवळ मोरकॅम्ब बे जरासा दिसतो, बाकी सगळा मार्ग आतल्या भागातून जातो.

मुळात ही एक लाइन म्हणून कोणी बांधलीच नाही. १८३७ मध्ये ग्रँड जंक्शन रेल्वेने बर्मिंगहॅमपासून वॉरिंग्टनपर्यंत गाड्या सुरू केल्या, १८३८ मध्ये रॉबर्ट स्टीफन्सनने लंडन-बर्मिंगहॅम मार्ग पूर्ण केला. त्यातल्या किल्सबी बोगद्यात पाणी भरलेली वाळू लागली आणि पंप लावून उपसा करता करता खर्च कुठल्या कुठे गेला. (हाच स्टीफन्सन पुढे आपल्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा सल्लागार इंजिनियर झाला, आणि मुंबई-ठाणे लाइन बांधणारा जेम्स बर्कली त्याच्याच हाताखाली तयार झालेला.) १८४६ मध्ये दक्षिणेकडच्या कंपन्या एकत्र येऊन लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न झाली, त्याच वर्षी लँकेस्टर-कार्लाइल लाइन सुरू झाली, आणि १८४८ मध्ये कॅलेडोनियन कंपनीने कार्लाइलपासून पुढे ग्लासगो आणि एडिनबरापर्यंत लाइन नेली. इंजिनियर जोसेफ लॉकला बोगदे नको होते म्हणून त्याने गाड्या सरळ शॅपच्या डोंगरावर चढवल्या, तिथे १:७५ चा (७५ मीटरला एक मीटर) चढ आहे, आणि पुढे स्कॉटलंडमध्ये बीटकचा चढ तर ३०० मीटरहून जास्त उंचीपर्यंत जातो. वाफेच्या काळात दोन्हीकडे मागून ढकलायला बँकर इंजिन लागायचं, आपल्या कसारा आणि बोर घाटात लागतं तसंच.

नावात कोस्ट आला तो शर्यतीमुळे. लंडनहून स्कॉटलंडला जायचे दोन रस्ते होते, यॉर्क-न्यूकॅसलवरून जाणारा पूर्वेचा आणि हा पश्चिमेचा, आणि दोघांच्या कंपन्या प्रवासी पळवायला टपलेल्या. त्या वादात ईस्ट कोस्ट आणि वेस्ट कोस्ट ही नावं रुळली, पश्चिमेच्या लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न आणि कॅलेडोनियन या दोन कंपन्यांचे सामायिक डबे तर वेस्ट कोस्ट जॉइंट स्टॉक म्हणूनच ओळखले जायचे. १८८८ मध्ये एडिनबरासाठी चुरस लागली आणि १० तासांचा प्रवास साडेसात तासांच्या आसपास आला. पण खरी मजा १८९५ च्या ऑगस्टमध्ये, अॅबरडीनसाठी. दोन्ही मार्ग किनाबर जंक्शनला एकत्र यायचे आणि पुढे रूळ एकच, म्हणजे तिथे जो आधी पोचेल त्याची गाडी पुढे आणि दुसऱ्याने सिग्नलला उभं राहायचं. शेवटी पश्चिमवाल्यांनी ८६९ किलोमीटर ५१२ मिनिटांत कापले, आदल्या रात्री पूर्वेच्या गाडीने त्याहून कमी अंतराला ५२० मिनिटं घेतली होती. प्रवाशांचा यात फायदा काय हे विचारायचं नाही, पहाटे पाचच्या आधीच अॅबरडीनला उतरून करणार काय? १८९६ मध्ये प्रेस्टनच्या वळणावर अतिवेगाने गाडी घसरली, एक जण गेला, मग दोन्ही बाजूंनी आपसात ठरवून वेळा ढिल्या केल्या आणि ते १९३२ पर्यंत चाललं.

याच मार्गावर १९१५ मध्ये ग्रेटनाजवळ क्विंटिन्सहिलला ब्रिटनमधला सगळ्यात भीषण रेल्वे अपघात झाला, सैनिकांची गाडी उभ्या गाडीवर आदळली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली.

१९२३ मध्ये लाइन एलएमएस (लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश) कंपनीकडे गेली आणि १९४८ मध्ये सरकारी झाली. २५ किलोव्होल्ट विजेवर गाड्या चालवायचं काम युस्टनपर्यंत १९६६ ला आणि ग्लासगोपर्यंत १९७४ ला पोचलं. वळणं इतकी की वेग वाढवायला गाडीच तिरकी करावी लागते, १९८१ मधला एपीटी (अॅडव्हान्स्ड पॅसेंजर ट्रेन) या तिरक्या होणाऱ्या गाडीचा प्रयोग फसला, पण तशाच पेंडोलिनो गाड्या आता ताशी २०० किमीने धावतात, त्या २२५ साठी डिझाइन केल्या होत्या, पण तेवढ्या वेगाला लागणारी सिग्नल यंत्रणा झालीच नाही.