‘बाहेरचं’ नव्हे, आयसीयूतलं

“मले खाटेले बांधून किडन्या काढत होते,” भंडारा जिल्ह्यातले एक काका मला गंभीरपणे सांगत होते. धानाच्या वावरातून स्क्रब टायफस हा ताप लागला आणि नागपुरात ते नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होते. किडन्या दोन्ही जागच्या जागी आहेत. पण घरी येऊन दोन महिने झाले तरी झोप नाही. कशाची ‘टिक टिक’ ऐकू आली की अंगाला घाम फुटतो. गावाचं निदान तयारच होतं: बाहेरचं लागलं. कोंबडं, लिंबू, सगळं झालं.

स्क्रब टायफस गवतातल्या माइट या गोचिडीसारख्या बारीक जिवाच्या अळीच्या चाव्यातून होतो. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक वेळेत मिळालं तर बहुतेक रुग्ण बरे होतात. २०१८च्या साथीनंतर विदर्भाला हे नाव नवं राहिलेलं नाही. मला बोलायचंय ते त्यापुढच्या आजाराबद्दल.

तापात माणूस बरळू लागला की जुनी माणसं ‘वात झाला’ म्हणत. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. संसर्गाशी लढताना शरीर सायटोकाइन नावाची रसायनं सोडतं. त्यांच्यामुळे रक्त आणि मेंदू यांच्यामधली गाळणी सैल होते, मेंदूतल्या मायक्रोग्लिया या राखणदार पेशी खवळतात आणि लक्ष एका जागी धरून ठेवणाऱ्या अॅसिटाइलकोलिन या मेंदूतल्या रसायनाचा तोल बिघडतो. आठवणीवर ‘कुठे, केव्हा’चा पत्ता लिहिणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, ताप, गुंगीची औषधं आणि जागरण यांनी मंदावतो. भीती नोंदवणारा भाग, अमिग्डला, मात्र जागाच असतो. म्हणून भीती साठते, पत्ता कोराच राहतो. त्या कोऱ्या जागेत मेंदू हाताशी असेल ते भरतो. काकांनी श्वासाची नळी उपसू नये म्हणून हात खरंच बांधले होते. लघवीची नळीही होती. त्यातून किडनीची गोष्ट शिवली गेली. ‘टिक टिक’ मॉनिटरची.

हे दुर्मीळ मुळीच नाही. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिदक्षता विभागातल्या ८२१ गंभीर रुग्णांपैकी ७४ टक्क्यांना डिलिरियम झाला होता.

हा कोरा पत्ता नंतर भरता यावा म्हणून काही देशांत परिचारिका आणि नातेवाईक रुग्णाची डायरी लिहितात: आज काय झालं, कोण भेटलं. काकांच्या मुलीकडे डायरी नव्हती, पण मोबाइलमधले फोटो होते. तारखेनुसार दाखवू लागली. तिसऱ्या फोटोवर काका थांबले.

“मंजे, थे नळी मुताची व्हती?”

झोप अजून पुरती आलेली नाही. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला ते तयार झालेत. ते जमेपर्यंत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर मुलीने भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलाय.