जबडा आणि मान : एका संबंधाची पार्श्वभूमी

हर्णै बंदरावर चुंबळीवर मासळीची पाटी वाहणाऱ्या बाईची मान धरली, तर ती हाडांच्या डॉक्टरकडे जाते. घास चावताना कानापुढे कट्कन आवाज होऊन जबडा दुखू लागला, तर दातांच्या. ही दोन दुखणी पुष्कळदा एकाच माणसाला असतात, तरी त्यांची सांगड क्वचितच घातली जाते, आणि याची मुळे जबड्याच्या विकारांच्या इतिहासात सापडतात.

१९३४ साली अमेरिकेतील सेंट लुईसचे कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी ११ रुग्णांच्या नोंदींवरून असे मांडले, की दाढा पडल्याने जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, जबड्याच्या सांध्याचा दाब कानालगतच्या भागावर येतो आणि त्यातून कानदुखी, चक्कर व डोकेदुखी उद्भवते. शरीररचनातज्ज्ञ हॅरी सिकर यांनी १९४८ मध्ये या स्पष्टीकरणातील शारीरिक चुका दाखवल्या. तरीही दातांची ठेवण सुधारली की सारे बरे होईल, ही समजूत दीर्घकाळ टिकली; मानेकडे दुर्लक्ष होण्याचे मोठे कारण तेच, असे मला वाटते.

पुढे भर सांध्यावरून स्नायूंकडे वळला. १९६१ मध्ये केर आणि ओलाफसन यांनी मांजरांवरील प्रयोगांत दाखवले, की चेहऱ्या-जबड्याची संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस आणि मानेच्या वरच्या नसा यांचे संदेश मज्जारज्जूच्या वरच्या भागात एकाच चेतापेशीवर येऊन मिळतात. त्यामुळे दुखण्याचे मूळ मानेत असले, तरी ते कपाळात किंवा जबड्याजवळ जाणवू शकते. जबडा आणि मान यांच्या हालचालींतला दुवा स्वीडनच्या उमेओ येथील एरिकसन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मोजून दाखवला. एका हाताचे बोट कानापुढे, दुसऱ्या हाताची बोटे कवटीखाली मानेवर ठेवून मोठा आ केला, तर जबडा खाली जाताना डोके किंचित मागे झुकल्याचे जाणवते. मात्र दोन्ही विकार सोबत आढळले म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही.

कोकणात आणखी एक भान हवे. सुपारी चघळणाऱ्याचे तोंड उघडेनासे झाले, तर सांध्याआधी गालाच्या आतली त्वचा पाहावी. ती पांढुरकी आणि ताठर लागली, तर तो सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाचे आतले अस्तर ताठर होत जाण्याचा विकार, असू शकतो. त्यात कर्करोगाचा धोका असल्याने सुपारी तत्काळ थांबवावी लागते, आणि केवळ मानेच्या व्यायामाने ते तोंड उघडत नाही.