त्वचावर्णभेद

त्वचेच्या गडद-उजळपणावरून माणसाचे सौंदर्य, कूळ, योग्यता वा चारित्र्य ठरवणे आणि त्यानुसार त्याला वागवणे. वंशविद्वेषाचा हा एक प्रकार असून तो भिन्न वंशीयांमध्ये आढळतो, तसाच एका जातीत आणि एका घरातल्या दोन बहिणींतही आढळतो. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेद कायद्याने लादलेला होता. भारतात तसा कायदा नसल्याने हा भेद ‘आवडनिवड’ या नावाखाली खपून जातो व ओळखायला अवघड ठरतो. या नोंदीत मुख्यतः भारतातील स्थितीचा विचार केला आहे.

उगम : भारतातील गोरेपणाच्या आग्रहाचे मूळ कोठे शोधावे, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय पंडितांनी ते ऋग्वेदात शोधले. गोरे आर्य व काळे, चपट्या नाकाचे दस्यू यांच्यातील संघर्षातून जातिव्यवस्था निर्माण झाली, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यासाठी पाचव्या मंडलातील ‘अनास’ या विशेषणाचा (५.२९.१०) आधार घेतला जाई. माक्स म्यूलर यांनी त्याची फोड ‘अ-नास’ म्हणजे नाक नसलेला अशी केली. वेदांचे भाष्यकार सायणाचार्यांनी मात्र ‘अन्-आस’, म्हणजे मुख किंवा वाणी नसलेला, असा अर्थ दिला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये शूद्रांच्या उत्पत्तीची चर्चा करताना सायणांचा अर्थ ग्राह्य मानला. त्याच दस्यूंना अन्यत्र ‘मृध्रवाच्’ (दूषित वाणीचे) म्हटलेले असल्याने हा अर्थ अधिक सुसंगत वाटतो. ‘कृष्णत्वच्’ सारखे मोजके उल्लेख उरतात. त्यांतला काळोख लाक्षणिक असावा, असे मानण्याकडे अलीकडच्या बऱ्याच संशोधकांचा कल आहे.

नंतरच्या ग्रंथांतून एकच एक चित्र मिळत नाही. पतंजलीच्या महाभाष्यात (सामान्यतः इ. स. पू. दुसरे शतक) ब्राह्मणाची लक्षणे सांगताना गौर वर्ण व पिंगट केस यांचा उल्लेख येतो, बाजारात बसलेल्या, उडदाच्या राशीसारख्या काळ्या माणसाला पाहून हा ब्राह्मण आहे असे कोणी ठरवत नाही, असेही तेथे म्हटले आहे. उलट, त्याहून प्राचीन मानल्या जाणाऱ्या बृहदारण्यक उपनिषदात (६.४) गोऱ्या पुत्राने एक वेद, पिंगट पुत्राने दोन वेद, तर सावळ्या, आरक्त डोळ्यांच्या पुत्राने तीन वेद जाणावेत अशी इच्छा धरणाऱ्या आईबापांसाठी वेगवेगळे अन्नविधी सांगितले आहेत. गोरेपणाचे कौतुक ब्रिटिशांपूर्वी होते, परंतु त्याला ‘वंश’ या कल्पनेचे शास्त्रीय भासणारे कवच वसाहतकाळात मिळाले, असे म्हणणे उपलब्ध पुराव्याला अधिक धरून होईल.

मोजमापांचा वाद : १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिझ्ली यांनी नासिकानिर्देशांक (नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणल्यावर येणारी संख्या) वापरून जातींची उतरंड वंशावर आधारलेली असल्याचे मांडले. नाक जितके रुंद, तितकी जात खालची, असा त्याचा इत्यर्थ. या मांडणीचे खंडन करण्यात मराठी विद्वानांचा वाटा मोठा आहे. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये हीच मोजमापे पुन्हा तपासली. संयुक्त प्रांताबाहेर (साधारणतः आजचा उत्तर प्रदेश) रिझ्लींचा नियम टिकत नाही, असे त्यांना दिसले. मुंबई इलाख्यात तर देशस्थ ब्राह्मण हे चित्पावनांपेक्षा सोनकोळ्यांना अधिक जवळचे ठरत होते. आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमाचा विचार करताना या निष्कर्षाचा आधार घेऊन अस्पृश्यता वंशभेदातून आली हे मत नाकारले.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचे काम घुर्ये यांच्या थोडे आधीचे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिन येथे सुप्रजननवादी (निवडक संततीतून वंश ‘सुधारावा’ असे मानणारे) ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मानवी कवट्यांच्या असममितीवर (डावी-उजवी बाजू सारखी नसण्यावर) प्रबंध लिहिला. युरोपीयांच्या श्रेष्ठत्वाला कवटीच्या ठेवणीत आधार सापडेल, अशी मार्गदर्शकांची अपेक्षा होती. असममितीचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष कर्वे यांनी मांडला. परक्या देशात, आपल्या पदवीचा निर्णय ज्यांच्या हाती होता त्यांच्यासमोर तो मांडणे हे मोठे धैर्याचे काम होते. पुढे त्यांनी स्वतःही महाराष्ट्रातील जातींची मानवमितीय (शरीराची मापे घेऊन केलेली) पाहणी केली.

जनुकशास्त्राने हा प्रश्न वेगळ्या बाजूने उलगडला. त्वचेचा रंग उजळ करणाऱ्या ‘एसएलसी२४ए५’ या जनुकातील बदलाचे महत्त्व २००५ मध्ये लक्षात आले. तोच बदल, समान पूर्वजांकडून आलेला, युरोपीय व अनेक भारतीय समूहांत असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

दैनंदिन व्यवहार : वधूवरांच्या जाहिरातींतील ‘गोरी’, ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’ ही श्रेणी सर्वपरिचित आहे. ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ हे वाक्य स्थळ सुचवताना चांगल्या हेतूने उच्चारले जाते. त्यातला ‘पण’ मुलीच्या कानाला लहानपणापासून ओळखीचा असतो. बाळाच्या रंगाची चर्चा बारशाआधीच सुरू होते, हळद-दुधाचे लेप सुचवले जातात, उन्हात खेळू नको म्हणून दटावले जाते. सावळ्या विठ्ठलावरील वारकऱ्यांचे प्रेम लग्नाच्या बोलणीपर्यंत पोहोचले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आफ्रिकी नागरिकांच्या बाबतीत हा भेद उघड वंशविद्वेषाचे रूप घेतो. गोव्यात २०१३ मध्ये एका नायजेरियन व्यक्तीच्या खुनानंतर तणाव निर्माण झाला, तेव्हा तेथील एका मंत्र्याने नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली होती.

प्रसारमाध्यमे : ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम १९७५ मध्ये भारतीय बाजारात आले. त्याच्या जाहिरातींचा साचा ठरलेला होता : आधी उदास, काळवंडलेला चेहरा; शेवटी उजळ चेहरा, नोकरी वा नवरा. एका जाहिरातीत मुलगा नसल्याची खंत करणाऱ्या बापाची मुलगी मलम लावून हवाईसुंदरी होते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने याविरुद्ध तक्रारी केल्या व २००३ मध्ये अशा जाहिरातींवर कारवाई झाली. चेन्नईतील ‘विमेन ऑफ वर्थ’ या संस्थेने २००९ मध्ये ‘डार्क इज ब्यूटिफुल’ मोहीम सुरू केली; अभिनेत्री नंदिता दास पुढे तिच्याशी जोडल्या गेल्या. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमनासाठी असलेल्या मुंबईस्थित परिषदेने २०१४ मध्ये गडद त्वचेच्या व्यक्तीला दुःखी, अनाकर्षक वा मागे पडलेली दाखवू नये, गडद रंग विशिष्ट जात, व्यवसाय वा आर्थिक स्तराशी जोडू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर उसळलेल्या आंदोलनाच्या काळात, २०२० मध्ये, मलमाचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. त्याच सुमारास उत्तर अमेरिकेतील भारतीय वंशाच्या स्त्रियांनी आवाज उठवल्यावर एका मोठ्या विवाहसंकेतस्थळाने रंगानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली.

नाव बदलले तरी उजळपणाचे आश्वासन ‘तेज’, ‘निखार’ अशा शब्दांतून चालू राहते. मालिकांत सावळ्या नायिकेची भूमिका उजळ अभिनेत्रीला गडद रंग लावून देण्याची प्रथाही टिकून आहे. यात सावळेपणाबद्दल सहानुभूती मिळते, सावळ्या अभिनेत्रीला काम मिळत नाही.

कायदा : भारताने १९६८ मध्ये मान्यता दिलेल्या वंशभेद-निर्मूलन करारात वंश व कुळाबरोबर ‘रंग’ हाही भेदाचा आधार म्हणून नोंदलेला आहे. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान ही कारणे आहेत. रंग स्वतंत्रपणे नाही. १९५४ च्या आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविषयीच्या कायद्यात गोरेपणाच्या दाव्यांचा समावेश करणारा दुरुस्तीचा मसुदा केंद्र सरकारने २०२० मध्ये जाहीर केला. सातारा जिल्ह्यातील एका विवाहितेच्या १९९८ मधील मृत्यूप्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये पतीला निर्दोष ठरवले. काळ्या रंगावरून टोमणे मारणे हे घरगुती भांडण असून फौजदारी कायद्याला अभिप्रेत असलेल्या छळाच्या पातळीला ते पोहोचत नाही, असे न्यायालयाचे मत पडले.