हाकणारा ओरडतोय, कारण बैल थकलाय

रक्ताच्या रिपोर्टात टीएसएचपुढे 11.8 असा ठळक आकडा आणि शेजारी वर जाणारा बाण. पाथरीहून परभणीला आलेल्या काकूंनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. "थायरॉइड वाढलाय म्हणायलेत समदे. मग कमी करायची गोळी द्यायची की! ही वाढवायची कशाला दिली?"

प्रश्न रास्त होता, आणि तो जवळपास प्रत्येकाला पडतो. टीएसएच हे थायरॉइडचं संप्रेरक नाहीच. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी टी4 आणि थोडं टी3 ही संप्रेरकं तयार करते. शरीराची चाल त्यांवर ठरते. काकूंना म्हटलं, नांगराला बैल जुंपलाय असं धरा. बैल जोमात असला की हाकणारा नुसतं च्यक् च्यक् करतो. बैल थकला की त्याचा आवाज चढतो. टीएसएच म्हणजे हाकणाऱ्याचा आवाज. तो वाढलाय, याचा अर्थ बैल मागे पडलाय.

हा हाकणारा फार जागरूक असतो. टी4 जरासं घसरलं तरी टीएसएच कितीतरी पटींनी वाढतं. म्हणून टी4 हद्दीत आणि टीएसएच मात्र वर, असा रिपोर्ट बऱ्याचदा येतो. टीएसएचची नेहमीची हद्द साधारण 0.4 ते 4. पाच-सातच्या आसपासचा आकडा पाहून लगेच जन्माची गोळी सुरू करणं मला पटत नाही. आजारातून उठल्यावरही तो तात्पुरता वाढतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. गरोदर बाईची गोष्ट वेगळी, तिथे थांबायचं नाही. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. त्यांनी आकडे खोटे येऊ शकतात, तपासणीआधी दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात.

काकूंच्या रिपोर्टात आणखी एक ओळ होती: अँटी-टीपीओ, सहाशेच्या वर. त्या घाबरल्या होत्या त्या याच आकड्याला. टीपीओ हे ग्रंथीतलं विकर, आयोडीनची जोडणी करणारं. शरीराची राखण करणाऱ्या पेशी चुकून आपल्याच ग्रंथीवर उलटल्या की याच्याविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात दिसतात. 1912 साली हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी चार बायकांच्या सुजलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर त्या पांढऱ्या पेशींनी गच्च भरलेल्या. तेव्हा कारण कळलं नाही. 1956 साली लंडनमध्ये डोनियाक, रॉइट आणि कॅम्पबेल यांना अशा रुग्णांच्या रक्तात ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, तेव्हा उलगडा झाला.

हा आकडा 'का झालं' ते सांगतो, 'किती झालं' ते नाही. एकदा वाढलेला दिसला की पुन्हा पुन्हा पैसे घालवायची गरज नसते. तो वाढलेला असूनही कित्येकांचं टीएसएच वर्षानुवर्षं ठीक राहतं, त्यांना वर्षाकाठी एक टीएसएच पुरे. आयोडीनचं मीठ खातो तरी कसं झालं, असंही विचारतात. आयोडीनच्या कमतरतेचा गलगंड निराळा. यात जादा आयोडीनने फायदा नाही, उलट त्रास वाढू शकतो.

याच्या उलट, ग्रंथी जादा काम करते त्या ग्रेव्हज आजारात प्रतिपिंडं टीएसएचच्याच जागी बसून ग्रंथीला डिवचतात. हाकणारा गप्प, टीएसएच शून्याजवळ, तरी बैल उधळलेला, कारण पराणी दुसराच कुणी टोचतोय.

काकूंची गोळी म्हणजे टी4च. पहाटे उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत, चहा अर्ध्या-एक तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनी. रक्तातलं निम्मं टी4 संपायला आठवडा लागतो, त्यामुळे डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत तपासून काही कळत नाही.

"बाटली कुठं ठेवता?"

"सैपाकघरात. पत्र्याखालच्या फळीवर."

मे महिना, बाहेर 43 अंश. ही गोळी उष्णतेने, ओलीने आणि उजेडाने कमजोर होते. जुनी माळवदाची, गार राहणारी खोली अजून आहे का विचारलं. आहे म्हणाल्या, सासूबाई तिथंच निजतात. मग बाटली त्यांच्या उशाशी, कोनाड्यात ठेवायचं ठरलं, आणि पुढची तपासणी जुलैत.