पार्श्वभूमी : बाहुल्यात शिरलेला गुन्हेगार

‘झपाटलेला’ हा मराठी चित्रपट १९९३ साली आला, त्याच्या पाच वर्षे आधी, १९८८ मध्ये, अमेरिकेत ‘चाइल्ड्स प्ले’ प्रदर्शित झाला होता. मरणाच्या दारात पोहोचलेला गुन्हेगार मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो आणि पुन्हा माणूस व्हायचे तर ज्याला त्याने आपली खरी ओळख सर्वांत आधी सांगितली, त्याच्याच देहात त्याला जावे लागते, हा कथेचा कणा दोन्हीकडे एकच आहे. ‘झपाटलेला’तल्या या गुन्हेगाराला, तात्या विंचूला, नक्कल ठरवणारे याच साम्यावर बोट ठेवतात. मात्र हा कणा अमेरिकी पटकथेतही मुळात नव्हता, हे फारसे सांगितले जात नाही.

बोलक्या बाहुल्यांची भीती पडद्याला जुनीच. १९४५ च्या एका ब्रिटिश चित्रपटात शब्दभ्रमकाराचा (ओठ न हलवता बाहुल्याला बोलते करणाऱ्या कलाकाराचा) बाहुला मालकालाच ताब्यात घेतो, तर १९६३ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवरची एक बाहुली घरातल्या सावत्र बापाला जिवे मारण्याची धमकी देते.

१९८० च्या दशकात अमेरिकेत खेळण्यांच्या जाहिराती थेट मुलांवर रोखलेल्या होत्या आणि एका बाहुलीसाठी १९८३ च्या नाताळात दुकानांतून पालकांची अक्षरशः झोंबाझोंबी झाली होती. ‘चाइल्ड्स प्ले’च्या मूळ लेखकाला या बाजारावर लिहायचे होते. त्याच्या पहिल्या खर्ड्यातल्या बाहुल्याच्या कातडीखाली नकली रक्त भरलेले असते. एकटा पडलेला मुलगा त्यात आपले रक्त मिसळतो आणि त्याच्या मनात कोंडलेला राग बाहुला प्रत्यक्षात आणू लागतो. पुनर्लेखनात हा राग गेला आणि त्या जागी व्हूडू या जादूटोण्याचा मंत्र जपणारा मारेकरी आला. त्यामुळे मुलगा निर्दोष ठरला आणि प्रेक्षकाला त्याची बाजू घेणे सोपे झाले, हे खरे. पण खून नेमके कोणाच्या मनातून उगवतात, हा कथेतला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्नही त्याबरोबर पुसला गेला.

मराठीला मात्र नेमका हाच बदल मानवला. शंकराचार्यांच्या परकायाप्रवेशाची कथा ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला चित्रपटातल्या मांत्रिकाचा, बाबा चमत्कारचा, मृत्युंजय मंत्र वेगळा समजावून सांगावा लागला नाही. त्याहून मोठा बदल बाहुल्याच्या मालकात होता. सहा वर्षांच्या मुलाऐवजी बोलक्या बाहुल्यांचे वेड असलेला लक्ष्या आला, आणि पडद्यावरचा बाहुलाही अर्धवटराव हा बोलका बाहुला ज्या घराने घरोघरी पोहोचवला त्याच घरातल्या शब्दभ्रमकाराने घडवला. बाहुल्याला बोलते करणे हीच ज्याची कला, त्याने ‘हा स्वतःहून बोलतो’ असे सांगितले तर विश्वास कोण ठेवणार? लहान मुलाचे कोणी ऐकत नाही, या मूळ अडचणीपेक्षा ही अडचण अधिक पक्की आहे, आणि विनोद व भीती तिच्यातून एकाच वेळी निघतात. एवढी रचना केल्यावर ‘झपाटलेला’ला नुसती नक्कल म्हणणे अन्यायाचे आहे.

पुढे ‘झपाटलेला’ हिंदीतही गेला आणि २०१३ मध्ये त्याचा दुसरा भाग त्रिमितीत आला. तोवर ‘ओम फट् स्वाहा’ सिनेमा न पाहिलेल्या मुलांच्याही तोंडी होते. अमेरिकेत २०१९ च्या नव्या आवृत्तीने आत्मा काढून टाकला. त्यातला बाहुला संगणकीय बुद्धीवर चालतो आणि कारखान्यातला एक संतापलेला कामगार त्याच्यावरचे सुरक्षेचे सर्व निर्बंध काढून टाकतो. मूळ लेखक त्या आवृत्तीत नव्हता. २०२१ पासून तीन हंगाम चाललेली मालिका त्याची होती, आणि पहिल्या खर्ड्यात नसलेला मारेकऱ्याचा आत्मा त्याने तिच्यात कायम ठेवला.