साभार परत (हस्तलिखितावरील प्रकाशकीय प्रतिसाद)

लेखकाने छपाईसाठी पाठवलेल्या हस्तलिखिताला प्रकाशक जे उत्तर देतो, त्यात पोच, अभिप्राय, फेरलेखनाची सूचना, स्वीकृती आणि नकार हे सर्व येते. नकारासाठी ‘साभार परत’ हे शब्द मराठीत इतके मुरले आहेत की ‘कादंबरी साभार परत आली’ असे लेखक स्वतःच सांगतो.

उदाहरण म्हणून नाशिक घ्या : येथे १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे, कुसुमाग्रजांचे दीर्घ वास्तव्य येथे होते, ९४वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही २०२१ मध्ये येथेच भरले. तरीही मराठीतील बहुतेक मोठी प्रकाशनगृहे मुंबई-पुण्यात असल्यामुळे नाशिककर लेखकाचे बाड बहुधा गावाबाहेरच जाते. पूर्वी ते रजिस्टर टपालाने जाई, किंवा पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरून हातोहात पोचवता येई; पुण्यासाठी सिन्नर-संगमनेरमार्गे एसटी असे. आता अनेक प्रकाशक ई-मेलवर युनिकोड प्रत, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारखीच वाचता येणारी प्रत, मागतात. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तिकडच्या संगणकावर उघडताच अक्षरांचा चुरा झाला, तर येणाऱ्या पहिल्या उत्तराचा साहित्याशी काही संबंध नसतो.

पोच म्हणजे स्वीकृती नव्हे, हे नवोदिताला उशिरा उमगते. ‘लेखन मिळाले, विचार करून कळवतो’ या ओळीनंतर बाड संपादकाकडे किंवा संस्थेच्या विश्वासातील एखाद्या वाचकाकडे जाते आणि तेथे महिनोन्‌महिने राहू शकते. टपालाच्या काळात परत आलेले बाडच पुष्कळ काही सांगून जाई : पहिल्या वीस-पंचवीस फुलस्केप कागदांचे कोपरे मऊ पडलेले, मध्येच समासात पेन्सिलीची बारीक फुली, आणि त्यापुढचे कागद मात्र दोऱ्याने बांधून पाठवले तसेच करकरीत. छापील चिठ्ठीवरच्या ‘आमच्या प्रकाशनयोजनेत बसत नाही’ या वाक्यापेक्षा ती पेन्सिलीची फुली अधिक प्रामाणिक असे. अर्थात ते वाक्य दरवेळी सबब नसते. केवळ पाठ्यपुस्तके काढणारी संस्था कवितासंग्रह घेत नाही, आणि हजार प्रतींची आवृत्ती किती वर्षांत संपेल हा हिशेब चांगल्या लेखनालाही चुकत नाही.

फेरलेखनाची सूचना हा या व्यवहारातील सर्वांत मोलाचा प्रकार होय. मौज प्रकाशनगृहाचे श्री. पु. भागवत (१९२३–२००७) लेखकाशी सविस्तर पत्रव्यवहार करून लेखन पुन्हा पुन्हा तपासून घेण्यासाठी ख्यात होते. एखादे प्रकरण कोठे सैल झाले हे नेमके दाखवणारा नकारदेखील, लेखकाचा राग ओसरल्यावर, उपयोगी पडतो. ‘भाषा ओघवती आहे, पण...’ असल्या गुळमुळीत अभिप्रायाने काहीच हाती लागत नाही. प्रकाशकाच्या दाराखेरीज दुसरी वाटही निघते, याचे उदाहरण खुद्द नाशिकचे आहे : कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा कवितासंग्रह १९४२ साली वाचकांपुढे आला तो कादंबरीकार वि. स. खांडेकरांच्या पुढाकाराने.

‘पुस्तक काढू, पण खर्चाचा भार लेखकाने उचलावा’ हे उत्तर आज सर्रास मिळते. त्याला स्वीकृती म्हणणे कठीण आहे, कारण त्यात निवडीचा प्रश्नच उरत नाही. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना हा निराळा पर्याय आहे. खरी स्वीकृती आली तरी करार लेखी हवा. प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ नुसार हस्तलिखितावरील हक्क मुळात लेखकाचा असतो, तो लेखी व स्वाक्षरीनिशीच दुसऱ्याच्या नावे करता येतो, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. उत्साहाच्या भरात सही करताना नेमका हाच मजकूर वाचायचा राहतो.

सर्वांत अधिक वेळा मिळणारे उत्तर मात्र मौन हेच आहे. दोन-तीन महिन्यांनी एक स्मरणपत्र धाडणे रीतीला धरून समजले जाते. आठवड्याला फोन केल्याने बाड वर येत नाही, प्रकाशक तेवढा फोन उचलेनासा होतो. टपालाच्या काळात बाड परत आले की प्रकरण मिटत असे. ई-मेलने गेलेली प्रत परत येत नाही, म्हणून तेच लेखन दुसरीकडे देण्यापूर्वी ‘मी ते मागे घेत आहे’ असे लेखकालाच लेखी कळवावे लागते.